राखण कुणाची, खर्च कुणाचा?

एडिसन, मेट्रोपार्क किंवा प्रिन्स्टन जंक्शनहून सकाळची गाडी पकडणाऱ्या मंडळींनो, या वर्षी आपल्या सदराची सुरुवात तुमच्या रोजच्या वाटेवरूनच करू या. नूअर्क सोडून गाडी सीकॉकसकडे निघाली की दोन्ही बाजूंना उंच गवताची दलदल लागते. फोनमधून डोकं वर काढावं असं तिथे काही दिसत नाही. पण साठ वर्षांपूर्वी याच मेडोलँड्सच्या दलदलीत न्यूयॉर्कच्या जुन्या पेन स्टेशनचे ग्रॅनाइटचे खांब आणि शिल्पं भराव म्हणून आणून टाकली गेली. पुढे काही मिनिटांनी तुम्ही ज्या ठेंगण्या छताच्या तळघरात उतरता, ते त्या स्टेशनचं उरलेलं पोट. वरचं शरीर दलदलीत गेलं.

जुनं पेन स्टेशन १९१० साली उघडलं. मॅकिम, मीड अँड व्हाइट या नामवंत वास्तुविशारदांनी ते बांधलं होतं आणि त्याचं प्रतीक्षागृह प्राचीन रोममधल्या भव्य स्नानगृहांच्या धर्तीवर उभारलं होतं. पन्नास वर्षांत दिवस पालटले. लोक मोटारींनी आणि विमानांनी फिरू लागले, रेल्वे कंपनी तोट्यात गेली. कंपनीकडे विकण्यासारखी एकच मौल्यवान वस्तू उरली होती, ती म्हणजे स्टेशनच्या वरची मोकळी हवा. फलाट जमिनीखालीच होते. वरची इमारत काढली की त्या जागी काहीही बांधता येणार होतं. मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा बेत ठरला. ऑगस्ट १९६२ मध्ये वास्तुविशारद, लेखक आणि सामान्य नागरिक हातात फलक घेऊन स्टेशनबाहेर उभे राहिले. पण महापालिकेला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकारच नव्हता. इमारत खासगी होती आणि मालकाला ती पाडायची होती, एवढं पुरेसं होतं. २८ ऑक्टोबर १९६३ रोजी पाडकाम सुरू झालं.

आपल्याकडे ‘बैल गेला आणि झोपा केला’ म्हणतात, तसंच पुढे घडलं. १९ एप्रिल १९६५ रोजी महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी न्यूयॉर्कच्या लँडमार्क कायद्यावर सही केली. गंमत अशी की, शहरांना आपल्या जुन्या वास्तू जपण्यासाठी नियम करता यावेत, अशी तरतूद राज्याने १९५६ मध्येच करून ठेवली होती. म्हणजे नऊ वर्षं अधिकार खिशात होता, तो वापरायला एक स्टेशन जावं लागलं. अमेरिकेत असा कायदा करणारं न्यूयॉर्क काही पहिलं शहर नव्हतं. साउथ कॅरोलायनातल्या चार्लस्टनने १९३१ मध्येच जुन्या वस्तीला कायद्याचं कुंपण घातलं होतं. पण जिथे जमिनीचा इंच न् इंच पैशात मोजला जातो, अशा शहरात असा कायदा टिकतो का, याची परीक्षा न्यूयॉर्कमध्ये होणार होती.

हा कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात पाहू. किमान ३० वर्षं जुनी असलेली आणि इतिहास, वास्तुकला किंवा संस्कृतीच्या दृष्टीने महत्त्वाची असलेली इमारत शहर ‘लँडमार्क’ म्हणून जाहीर करू शकतं. कधी एकटी इमारत, कधी अख्खी वस्ती. ११ सदस्यांचा आयोग जाहीर सुनावणी घेऊन हे ठरवतो. एकदा शिक्का बसला की मालकाला बाहेरची खिडकीसुद्धा आयोगाला विचारल्याशिवाय बदलता येत नाही. मालक नाराज असला तरी शिक्का बसू शकतो. आज न्यूयॉर्कमध्ये अशा ३७,००० हून अधिक इमारती आणि जागा आहेत. त्यांतल्या बहुतेक ब्रुकलिन हाइट्ससारख्या जपलेल्या वस्त्यांमध्ये येतात.

इथे एक घोळ नेहमी होतो, तोही सोडवून टाकू. १९६६ मध्ये केंद्र सरकारने ऐतिहासिक वास्तूंची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. आपल्या गावातल्या जुन्या घरावर पितळी पाटी दिसली की आपल्याला वाटतं, आता याला कुणी हात लावणार नाही. तसं नाही. सरकारी पैसा किंवा परवानगी गुंतलेली असेल, तर त्या नोंदीचा विचार करावा लागतो. पण खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने घर पाडायचं ठरवलं, तर ती नोंद त्याला अडवत नाही. अडवतो तो शहराचा किंवा टाउनशिपचा स्थानिक कायदा. म्हणजे खरी ताकद आहे ती आपण ज्या निवडणुकीला मतदान करायला सहसा जात नाही, त्या पातळीवर.

आता परीक्षेकडे वळू. १९६७ मध्ये ग्रँड सेंट्रल लँडमार्क झालं. पुढच्याच वर्षी मालक असलेल्या पेन सेंट्रल कंपनीने त्याच्या डोक्यावर पन्नासहून अधिक मजल्यांचा मनोरा बांधायची योजना आणली. आयोगाने नकार दिला आणि कंपनी कोर्टात गेली. तिचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं होतं. तुम्हाला सुंदर स्टेशन पाहायला हवं, म्हणून आम्ही लाखो डॉलरचं उत्पन्न सोडायचं? शहराला हवं असेल, तर शहराने भरपाई द्यावी. १९७५ मध्ये पहिल्या कोर्टात कंपनी जिंकली. तेव्हा जॅकलिन केनेडी ओनासिस यांच्यासारख्या व्यक्ती स्टेशन वाचवण्यासाठी जाहीरपणे उभ्या राहिल्या. एप्रिल १९७८ मध्ये तर स्टेशनप्रेमींनी न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला खास गाडी नेली. २६ जून १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. आज अमेरिकेतल्या शहरांचे वारसा कायदे उभे आहेत, ते बऱ्याच अंशी या निकालाच्या पायावर.

निकालात बहुमताने एक गोष्ट लक्षात घेतली होती आणि माझ्या मते सगळ्या कहाणीची किल्ली तिच्यात आहे. शहराने कंपनीला नुसतं ‘नाही’ म्हटलं नव्हतं. प्रत्येक भूखंडावर किती बांधकाम करता येईल, याची एक मर्यादा असते. स्टेशन बुटकं असल्यामुळे त्याच्या वाट्याचं बरंच बांधकाम शिल्लक होतं. शहराच्या नियमांनुसार ते शिल्लक हक्क आसपासच्या काही भूखंडांवर वापरता येणार होते. म्हणजे पेन स्टेशनचा जीव ज्या हवेने घेतला, त्याच हवेचा हिशेब दुसऱ्या बाजूने मांडून ग्रँड सेंट्रल वाचवलं गेलं. ही हवा अजूनही विकली जाते. पार्क अव्हेन्यूवर जेपी मॉर्गन बँकेचा नवा मनोरा उभा राहिला, त्यासाठी बँकेने ग्रँड सेंट्रलच्या डोक्यावरचे हक्क विकत घेतले. शिवाय वारसा जपताना वाजवी उत्पन्नही मिळत नसेल, तर मालकाला आयोगाकडे तसा अर्ज करता येतो. वाजवी म्हणजे किती, तेही कायद्यात लिहिलं आहे, सहा टक्के.

हवेचा हा व्यापार मुंबईकरांना नवा नाही. तुमच्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात अंधेरी-बोरिवलीकडे फ्लॅट घेतला असेल, त्यांनी ‘टीडीआर’ हा शब्द बिल्डरच्या तोंडून ऐकलाच असेल. विकास हक्कांचं हस्तांतरण ते हेच. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ते आलं आणि १९९५ मध्ये त्याच नियमावलीत वारसा वास्तूंसाठी ६७ क्रमांकाचा नियम लागू झाला. शहरातल्या वास्तू आणि वस्त्या जपण्यासाठी केलेली भारतातली ही पहिली नियमावली. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसरांची यादी झाली. त्यांना पहिली, दुसरी, तिसरी अशा श्रेणी दिल्या गेल्या आणि सल्ला द्यायला वारसा समिती आली. बांधकामाचे हक्क गमावणाऱ्या मालकाला टीडीआर देण्याची सोयही त्यात होती. ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या गॉथिक इमारती आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारती मिळून ९४ वास्तूंना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. त्यामागे अनेक वर्षं या नियमाची राखण आहे.

मग गिरगाव, दादर, भुलेश्वर, परळ इथल्या चाळींचं घोडं पेंड कुठे खातं? उत्तर वारसा कायद्यात नाही, भाडे कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत गरीब भाडेकरूला घराबाहेर काढलं जाऊ नये, हा हेतू रास्तच होता. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा त्या कायद्याच्या जोरावर मुंबईत टिकले, आपल्या आईवडिलांना शिकवू शकले. पण भाडं गोठलं, तरी छताची गळती गोठली नाही. महिन्याला काही रुपये भाडं मिळणारा मालक लाखांची दुरुस्ती करीना. भाडेकरू म्हणे, घर माझ्या नावावर नाही, मी पैसे का घालू? १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि उपकर लावला. त्या वेळी अशा इमारती होत्या १९,६४२. तेव्हापासून पावसाळा आला की मुंबईत धोकादायक इमारतींची यादी निघते आणि एखादी इमारत कोसळतेच. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजाराजवळची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली.

या दोन कायद्यांच्या कात्रीत सापडलेली वास्तू पाहायची असेल, तर काळा घोड्यापाशी जा. तिथली एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने मुंबईत आणला होता. १८९६ च्या जुलैमध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली, ती याच इमारतीत. वारसा यादीत तिचं नाव आहे, ती पाडायला हरकत घेणारे तज्ज्ञ आहेत, पाडावी लागेल म्हणणारे अहवालही आहेत. पण आत वर्षानुवर्षं नाममात्र भाड्याचे गाळे होते आणि दुरुस्तीचा खर्च करायला कुणी नव्हतं. २०१९ मध्ये ती धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली. शिक्का इमारतीला पाडण्यापासून वाचवतो. कुजण्यापासून वाचवायला पैसा लागतो, आणि तो कुणी द्यायचा हे शिक्क्यावर लिहिलेलं नसतं.

थोडं अंतर राखून गिरगावातलंच रॉयल ऑपेरा हाउस पाहा. तेही वर्षानुवर्षं बंद होतं. पण तिथे एकच मालक घराणं होतं, त्यांनी जाणकार वास्तुविशारदाला काम दिलं आणि २०१६ मध्ये पडदा पुन्हा वर गेला. दोन्ही वास्तूंना कायदा एकच होता. फरक पडला तो खर्च करणारा हात कुणाचा आणि त्याला परतावा मिळतो का, याने.

पुणेकरांची तक्रार आणखी वेगळी आहे. शनिवारवाडा राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. २०१० साली केंद्राने प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात दुरुस्ती केली. त्यानुसार अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. नकाशावर वर्तुळ काढायला सोपं असतं. पण कसबा आणि शनिवार पेठेत त्या वर्तुळाच्या आत माणसं राहतात. त्यांच्या वाड्यांच्या भिंती खचल्या आहेत. डागडुजीला परवानगी मिळू शकते, पण पाडून नवं घर बांधायला नाही. पेशव्यांचा वाडा राखायचा, याबद्दल त्यांचा वाद नाही. तो राखण्याचा भार अवघ्या पुण्याने किंवा देशाने उचलण्याऐवजी १०० मीटरमधल्या घरांवर का टाकला, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो पेन सेंट्रल कंपनीने विचारलेल्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे. कंपनीला बदल्यात हवा मिळाली. कसब्यातल्या भाडेकरूला काय मिळालं?

म्हणून जुनी चाळ पाडू नका, असं न्यूजर्सीतल्या चार खोल्यांच्या घरात बसून म्हणताना जपायला हवं. वरळीच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांच्या. गिरणगावाचा, कामगार चळवळीचा, दलित चळवळीचा मोठा इतिहास त्यांच्या गॅलऱ्यांमध्ये घडला. पण एका खोलीचं क्षेत्रफळ १६० चौरस फूट आणि संडास सामाईक. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पहिल्या काही शे कुटुंबांना नव्या इमारतीत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्याचं जळतं त्याला कळतं. त्या कुटुंबांना ‘वारसा गमावलात’ असं सांगायला कुणाची जीभ रेटेल? उलट, २०१२ मध्ये मुंबईच्या वारसा यादीत नवी भर घालायचा प्रस्ताव आला आणि त्यात शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी असे परिसर आले, तेव्हा सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी रहिवाशांनीही हरकती नोंदवल्या. पुनर्विकास अडेल, ही भीती होती. खर्चाचं उत्तर नसेल, तर वारसा हा शब्द ऐकून माणसं पळतात, मग ती चाळीतली असोत की बंगल्यातली.

इथवर झाला तो भूतकाळ. पुढच्या पन्नास वर्षांत या कायद्यांपुढे कोणते प्रश्न असतील? मला दोन मोठे दिसतात.

पहिला प्रश्न, इतिहास कुणाचा? सुरुवातीच्या याद्यांमध्ये स्टेशनं, चर्चेस, श्रीमंतांचे वाडे यांचाच भरणा होता. आता मोजपट्टी बदलते आहे. ग्रेनिच व्हिलेजमधलं स्टोनवॉल इन वास्तुकलेच्या दृष्टीने साधंच. पण समलिंगी हक्कांच्या लढ्यातलं त्याचं स्थान पाहून न्यूयॉर्कने २०१५ मध्ये त्याला लँडमार्क केलं. आपल्या जवळचं उदाहरण लंडनचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये ‘१०, किंग हेन्रीज रोड’ या घरात राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. पण स्थानिक कॅम्डन कौन्सिलचं म्हणणं पडलं की ही राहायची जागा आहे, तिचं संग्रहालय करायला परवानगी नाही. चौकशी झाली, अपील झालं आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी परवानगी दिली. घराच्या भिंतींना कुणीच धक्का लावत नव्हतं. वाद होता तो आत काय चालणार याचा. घर नुसतं उभं राहणं आणि त्याचा अर्थ जिवंत राहणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बहुतेक कायदे अजून पहिलीच ओळखतात.

याचा पडताळा क्वीन्समध्ये घ्या. जॅक्सन हाइट्समधली बागेभोवतीची देखणी घरं १९९३ पासून संरक्षित आहेत. ती बांधली गेली तेव्हा तिथे ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे. आज तीच वस्ती जगभरच्या माणसांनी भरलेली आहे. पण जिथे आपल्या पहिल्या पिढीने हळदीचा पुडा, तुरीची डाळ, लग्नाचा शालू आणि दिवाळीच्या पणत्या विकत घेतल्या, ती ७४ वी स्ट्रीट मात्र त्या संरक्षित सीमेच्या बाहेर आहे. आणि आत असती, तरी न्यूयॉर्कचा लँडमार्क कायदा इमारतीच्या वापरावर नियंत्रण ठेवत नाही. दर्शनी भिंत तशीच ठेवून भाडं चौपट करता येतं. दुकान गेलं तरी कायद्याच्या लेखी काहीच हरवत नाही. यावर सॅन फ्रान्सिस्कोने एक वाट काढून पाहिली आहे. तिथे २०१५ मध्ये मतदारांनी ठराव मंजूर केला आणि तीस किंवा अधिक वर्षं चालत आलेल्या दुकानांना, खानावळींना अर्थसाहाय्य देण्याची सोय झाली. दगडाबरोबर धंद्याचीही नोंद होऊ लागली. गिरगावातल्या एखाद्या जुन्या खानावळीसाठी असा नियम असता, तर? हा विचार मुंबईत कुणी तरी मांडायला हवा.

दुसरा प्रश्न हवामानाचा. जुनी भक्कम इमारत पाडली की तिच्या विटा, चुना, पोलाद बनवताना खर्ची पडलेली सगळी ऊर्जा वाया जाते आणि नव्या सिमेंटसाठी पुन्हा धूर निघतो. या हिशेबाने राखण हीच काटकसर ठरते. पण जुन्या खिडक्यांतून उष्णता निसटते, छतावर सौर पट्ट्या हव्या असतात आणि न्यूयॉर्कने २०१९ च्या कायद्याने मोठ्या इमारतींच्या धुरावर मर्यादा घातल्या आहेत. खिडकी मूळची ठेवायची की घर थंडीत ऊबदार ठेवायचं, यावर आयोगापुढे वाद होत राहतील. तिथेही शेवटी विचारलं जाईल ते एकच, जुन्या पद्धतीची दुपटीने महाग खिडकी कुणाच्या पैशाने बसवायची?

आता तुमच्याविषयी. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे या प्रश्नात प्रत्यक्ष मत आहे, आणि ते दोन्ही देशांत आहे. भारतात कुठे तरी आजोबांच्या पागडीच्या खोलीत, वाड्याच्या सातबाऱ्यात किंवा सोसायटीच्या सभासदत्वात तुमचं नाव असतं. एक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर संमतीपत्र येतं. धाकटे काका म्हणतात, ‘‘बाळा, सही करून पाठव, सगळ्यांनी केली.’’ सही करू नका, असं मी सांगणार नाही. गळक्या छताखाली आपण झोपत नाही, काका झोपतात. पण सहीआधी तीन गोष्टी विचारा. इमारत वारसा यादीत किंवा वारसा परिसरात आहे का, आणि असेल तर कोणत्या श्रेणीत? दुरुस्तीचा पर्याय कुणी तपासला का, की थेट पाडायचं ठरलं? आणि ज्यांच्याकडे कागद नाहीत, पोटभाडेकरू, जिन्याखालचा चहावाला, तळमजल्यावरचा शिंपी, त्यांचं काय ठरलं? उत्तरं समाधानकारक असतील, तर खुशाल सही करा. तेवढं विचारणारं एक माणूस परदेशातून फोनवर आहे, हे कळलं तरी बिल्डरचा कागद थोडा सरळ होतो.

इथे अमेरिकेत तर तुमचा हात आणखी मोकळा आहे. न्यूयॉर्कच्या लँडमार्क आयोगाच्या सुनावणीत कुणीही उभं राहून बोलू शकतं. एखादी वास्तू विचारात घ्या, असा अर्जही कुणालाही करता येतो. त्यासाठी वास्तुविशारद असावं लागत नाही. न्यूजर्सीत अनेक गावांना स्वतःचे वारसा आयोग आहेत. जर्सी सिटीच्या पॉलस हुक, हॅमिल्टन पार्क या वस्त्या त्यामुळेच टिकून आहेत. या आयोगांवर गावातले रहिवासी बसतात आणि जागा रिकाम्या झाल्या की माणसं शोधावी लागतात. आपल्या मंडळात निवृत्त अभियंते आहेत, वकील आहेत, हिशेब तपासणारे आहेत. वर्षातून काही संध्याकाळी त्यांनी तिथे दिल्या, तर ‘ही मंडळी इथे फक्त घरं विकत घेतात’ हा समजही जाईल.

आणि हा लेख आईबाबांनी वाचून दाखवला म्हणून ऐकत असलेल्या तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्यासाठी एक काम आहे. न्यूयॉर्कच्या कायद्यात ३० वर्षांची अट आहे, हे तुम्ही वर वाचलंत. १९९५ च्या सुमारास आपल्या लोकांनी शाळेच्या सभागृहात गणपती बसवले, चर्चच्या तळघरात मराठी शाळा भरवल्या, गॅरेजमध्ये नाटकांच्या तालमी केल्या. त्या जागांना आता तीस वर्षं होत आली. त्यांतल्या कोणत्या जागा उभ्या आहेत, कोणत्या गेल्या, तिथे कोण कोण यायचं, हे आज आजीआजोबांना विचारून लिहून ठेवा, फोटो मागून घ्या. कोणत्याही आयोगापुढे पहिला कागद लागतो तो हाच. इमारत का महत्त्वाची, हे सांगणारी माणसं असेपर्यंतच ते लिहिता येतं.

पेन स्टेशनचं काय झालं, तेही सांगून टाकतो. समोरचं भव्य टपाल कार्यालय त्याच वास्तुविशारदांनी बांधलेलं होतं. नव्या कायद्याने १९६६ मध्ये त्याला संरक्षण दिलं. त्याच इमारतीच्या पोटात १ जानेवारी २०२१ पासून मॉयनिहान ट्रेन हॉल सुरू आहे. काचेच्या छताखाली अ‍ॅमट्रॅकचे आणि लाँग आयलंडचे प्रवासी उजेडात उभे राहतात. न्यूजर्सीच्या गाड्यांचं मुख्य ठिकाण मात्र अजून जुनं तळघरच आहे. त्याच्या दुरुस्तीच्या चर्चा सुरू आहेत आणि खर्च कुणी करायचा, यावर तिथेही घासाघीस चालू आहे. त्या चर्चेच्या जाहीर सभा होतील तेव्हा एखाद्या तरी सभेला जा. रोज त्याच गाडीने जाणाऱ्याला तिथे बोलायचा अधिकार सगळ्यांत आधी आहे.

दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.